तुम्ही सैल केलेला ब्रेक

बाबा, तुमच्या गाडीचा पुढचा ब्रेक मी आवळून घेतला. आईला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हते, पण तेव्हापासून गाडीला किक मारली की तुमचा चेहरा समोर येतो, कपाळाला आठ्या आणि गालात तंबाखू, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरात काय करायचं आणि काय नाही हे अजून तुम्हीच ठरवता. विहिरीकडचं दार दिवेलागणीनंतर उघडायचं नाही, माळ्यावरच्या बियाण्याला आईशिवाय कुणी शिवायचं नाही, आणि पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही.

मी अजून घोलवडच्या त्याच नर्सरीत आहे. खिरणीच्या रोपावर चिकूची कलमं बांधते. मी बांधलेलं कलम सहसा मरत नाही, हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. यंदा मात्र शेठ म्हणाले. जव्हारकडे नवी नर्सरी काढतायत, ती सगळी मी सांभाळायची, हाताखाली बायका असतील, राहायला खोली असेल, सोमवारी जायचं आणि शनिवारी परत यायचं. दसऱ्यापर्यंत सांग, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असंही म्हणाले. खरं तर त्याच क्षणी हो म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, गाडीचे ब्रेक कच्चे आहेत, घाटात कशी चालवू? घरी येऊन आईला सांगितलं, तर तीही पहिलं ब्रेकचंच बोलली. आम्हा मायलेकींचं कधी नव्हे ते एकमत झालं. आईच्या सोबतीचा प्रश्न नव्हता. काकू शेजारीच आहे, आई तिच्याकडे जेवते, भांडते, कधी झोपतेसुद्धा. फक्त ब्रेक आडवा आला.

त्या ब्रेकची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने कधी ऐकली नाहीत. वापीहून तुम्ही ही जुनी गाडी आणलीत आणि पहिल्याच पावसाळ्यात वळणावरच्या खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबून पडलात. खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण तो हात पुन्हा वर गेला नाही, आणि गाडी चालवणं माझ्याकडे आलं. शिकवायला तुम्ही मला बोर्डीच्या किनाऱ्यावर नेलंत. ओहोटी आहे, वाळू कडक आहे, मी गाडी चालवतेय आणि मला कधी नव्हे इतकं बरं वाटतंय. वारा कानात भरलाय, तुम्ही मागे ओरडताय ते ऐकू येत नाही. मग पाण्याची ओल आली, मी घाबरून हाताचा, म्हणजे पुढचा, ब्रेक दाबला आणि आडवी झाले. तुम्ही धावत आलात. लागलं का, असं विचारलं नाहीत. सीटखालचा पाना काढलात, डाव्या हाताने पुढच्या चाकाचा नट फिरवलात, फिरवतच राहिलात, मग दांडा दाबून दाखवलात. तो मुठीला टेकला तरी चाकाला काहीच होईना.

"हा ब्रेक नाहीच, असं समज," तुम्ही म्हणालात. "पायाचा आहे तेवढा बास. आणि थांबता येईल एवढंच पळव."

परत येताना मला लिंबू सोडा पाजलात, स्वतः घेतला नाहीत. तेव्हा मला ती माया वाटली. मायाच होती, मी नाही म्हणत नाही. पण थांबता येईल एवढंच पळव, हे मी गाडीपुरतं ठेवायला हवं होतं. मी ते सगळीकडे लावलं. नर्सिंगच्या कोर्सला डहाणूला राहावं लागेल म्हणून गेले नाही. सुरतेचं स्थळ आलं, माणूस चांगला होता, तर लांब पडेल म्हणून मीच खोट काढली. सगळ्यांना वाटतं मी समजूतदार आहे.

श्रावणात आईला घेऊन उधव्याच्या बाजाराहून येत होते. मागे आई, तिच्या मांडीवर सुक्या मासळीची पिशवी. उताराला पुढचा टेम्पो बकऱ्यांसाठी थांबला. मी पायाचा ब्रेक दाबला, सगळा दाबला, त्याच्यावर जवळजवळ उभी राहिले, आणि गाडी आपली निवांत चाललीच आहे. शेवटी रस्ता सोडून भाताच्या खाचरात घातली. आम्हाला फारसं काही झालं नाही. आई चिखलात बसून बोंबील वेचत होती आणि मी रडत होते. ब्रेक बघून घेते म्हटलं, तर ती म्हणाली, "मागचा कर. पुढचा तुज्या बापाने सैल केलाय, काय तरी कारण असंल. त्याला नको हात लावू, पोरी." कारण तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आता ते कारण उरलंय का, हे आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

तळासरीच्या गॅरेजवाल्याने दोन्ही चाकं उघडली. मागचे ब्रेक शू झिजून संपले होते, ते सरळ बदलले. पुढचे नव्यासारखे जाड होते, वापरलेच नव्हते, पण बसून बसून काचेसारखे गुळगुळीत झालेले. त्याने ते घासून खरखरीत केले, आतली धूळ पुसली, गंजलेली केबल काढून नवी घातली. तुमचा नट काही सुटेना. डिझेल टाकून ठेवलं, चहा झाला, तेव्हा कुठे हलला. त्याने विचारलं, "ताई, हा इतका सैल केला कोणी? ब्रेक मारला की सगळा जोर पुढच्या चाकावर येतो, आणि तोच ब्रेक झोपवून ठेवलाय." मी म्हटलं, आधीच्या मालकाने. ते खोटं नाही. मग त्याने मला मागच्या मैदानात पाठवलं. दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे, हाताचा हळूहळू, लिंबू पिळतात तसा, आणि वळणावर किंवा वाळूत नाही. मी दाबला. गाडी थांबली. पुन्हा पळवली, पुन्हा थांबवली. बाबा, मला आनंद व्हायला हवा होता, पण मला तुमचा भयंकर राग आला. एवढंच शिकवायचं होतं. हळू दाब, वाळूत दाबू नको. तुम्ही नट फिरवून मोकळे झालात.

त्या संध्याकाळी घरी न वळता मी तशीच जव्हारच्या घाटाचा चढ लागतो तिथवर गेले. वर जाणारे ट्रक दिसत होते. थोडा वेळ गाडी चालू ठेवून उभी राहिले आणि मागे फिरले. घरी आई म्हणाली, उशीर केलास. मी म्हटलं, कलमं जास्त होती. हे कागद मी तुमच्या फोटोमागे वगैरे ठेवणार नाही. आई तिथली धूळ रोज पुसते. उद्या सकाळी पाणी तापवताना चुलीत घालीन. पण त्याआधी कालचं सांगून टाकते.

काल नर्सरीच्या फाटकातून आत शिरत होते, तर रोपांच्या पिशव्यांआडून शेठ अचानक समोर आले. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली, आवाजसुद्धा न करता. ते दचकले, मग हसले, आणि विचारलं, "काय बेन, ब्रेकचं काय झालं?"

मी म्हणाले, "अजून कच्चेच आहेत, शेठ."