प्रकरण तिसरे, पाने एक्केचाळीस ते छप्पन्न

चि. ठिणगीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

ताईचे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा कान उघडला का? (नसेल तर घाई नको; त्या कानामुळेच त्यांचा संसार सुखाचा चालला आहे.) तुझे पित्त? आणि प्रयोगशाळेतले तुझे उंदीर? त्यातल्या त्या धापा टाकणाऱ्या बारक्याविषयी मला फार आपलेपणा वाटतो. आमचे दुखणे एकच. मामी ठणठणीत. आणि मी दुकानाचा जिना चढून, मध्ये कुठेही न टेकता, हे पत्र लिहायला बसलो आहे!

दोन महिन्यांपूर्वी पुठ्ठ्याचे माप घ्यायला म्हणून तू प्रबंधाची कच्ची प्रत ठेवून गेलीस. मी पडलो बुकबाइंडर. शाळा चौथीत सुटली, पुढचे सारे शिक्षण बांधायला आलेल्या पुस्तकांवर. (गिऱ्हाईक पुस्तक घेऊन गेले की शिक्षण थांबते.) तिसरे प्रकरण उघडले आणि बघतो तर काय, त्यात मीच! छातीतली शिट्टी, जुनी वही झटकली की खोकला. अकरा वर्षे मी त्याला म्हातारपण म्हणत होतो आणि मामी ढोंग.

तुझी भाषा जड, म्हणून ती आपल्या घरच्या माणसांना लावून पाहिली. जुन्या कागदाची बुरशी नाकातून आत जाते. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आतली टी पेशी म्हणजे साक्षात आपली थोरली आत्या, ओळख ना पाळख, "चोर, चोर!" करून चहूकडे निरोप धाडते. हे निरोप म्हणजे तुझी ती प्रथिने, इंटरल्युकिने. चार नंबरचा निरोप पोचला की बी पेशी आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार करत सुटतात, आणि ते जाऊन मास्ट पेशींच्या अंगाला चिकटते. पुढच्या खेपेला बुरशी दिसताच मास्ट पेशी भडकून हिस्टामिन ओततात आणि श्वासनळ्या आवळल्या जातात. पाच नंबर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची सगळी भावकी गोळा करतो, तेरा नंबर कफ वाढवतो. चोराचा पत्ता नाही, पण लाठ्या घेऊन धावलेल्यांनी बोळ गच्च! (मामीने विचारले, "यात माझा नंबर कितवा?" मी खोकून वेळ मारून नेली.)

तडक डॉक्टरीणबाई गाठल्या. रक्त, छाती सगळे तपासून म्हणाल्या, "आजोबा, हा दमा. इतकी वर्षे होतात कुठे?" त्यांनी रोज ओढायचा पंप दिला, आणि श्वासाचा जोर मोजायला फुंकायची नळी. चार दिवसांत बरे वाटले तसा मी शहाणपणाने पंप कपाटात ठेवला. आठवड्यात शिट्टी परत. तेव्हा तुझे पान बावन्न आठवले: वर सामसूम दिसली तरी आत निरोपानिरोपी चालूच असते. कान पकडले. दुकानाला कुलूप लागणार या धास्तीने मी खचलो होतो. आता मास्क लावून दरोडेखोरासारखा बसतो, पण बसतो!

पोरी, जन्मभर पुस्तके मी शिवली, पण उसवलेल्या मला टाके घातलेस तू. म्हणून परवा बांधून तुझ्याकडे धाडलेल्या प्रबंधात जीव ओतला आहे. लाल कापड, सोनेरी अक्षरे. चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही पान सुटलेले नाही.

तुझा
मामा

ता. क. : सोळा सुटली आहेत. शिवताना तिसरे प्रकरण पुन्हा वाचावे म्हणून बाजूला काढले होते. आज सकाळी ते माझ्या उशाशी सापडले.

ता. क. दुसरा : जाडी तर बरोबर भरली होती, मग आत गेले काय, म्हणून शोध घेतला. माझ्या फुंकण्याच्या नोंदींचे आठ कागद गेले आहेत: तारीख, आकडा, शेरा. (शेरे मामीविषयी आहेत.) प्रबंध गुरुवारी परीक्षकांकडे जायचा. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मामीलाच पहिल्या बसने पाठवतो आहे. पाकिटाला दुकानातली खळ लावली आहे, तिच्याने ते उघडायचे नाही. प्रत कागदात घट्ट गुंडाळून तिच्याकडे दे. बुधवारी सगळी पाने जागच्या जागी बसवून मी स्वतः आणून देतो.

मात्र गुंडाळण्याआधी नोंदींवर एक नजर टाक. पहिला आकडा एकशे नव्वद, शेवटचा तीनशे चाळीस. मधले दीडशे तुझे. मामीचा चहा होईपर्यंत चार ओळी खरड आणि उत्तर तिच्याच हाती, परतीच्या बसने धाड.