सत्काराचा नारळ

२९ एप्रिल १९५७, सोम.
परवा कामगार दिन. शाहूपुरीत लाल बावट्यांची मिरवणूक निघणार म्हणून हे सारखे आत-बाहेर करतायत. मागच्या महिन्यात फौंड्रीतली दोन माणसं कमी केली, त्याची धास्ती. मी म्हटलं, घाबरता कशाला, आपणच आपल्या माणसांचा मान करू. कारखाना घरामागेच, अंगण पुरे. साचे भरणारे ज्ञानूमामा सगळ्यांत जुने, मामंजींच्या वेळचे. त्यांना फेटा, नारळ, सगळ्यांना जिलबी. भाषण मी लिहून देणार. हे 'बघू' म्हणाले. म्हणजे हो.

१ मे, बुध.
झाला एकदाचा सत्कार. चारचौघांत ह्यांची बोबडी वळते. 'आज विसावा घ्या' असं मी लिहिलं होतं. हे म्हणाले, "मामा, पुष्कळ कष्ट केलेत, आता विसावा घ्या." आणि हातात नारळ. मामांनी वाकून नमस्कार केला नि जिलबीला हात न लावता गेले. बाकीचेही लगेच पांगले. भरून आलं असेल, दुसरं काय. मला मात्र फार बरं वाटलं.

२ मे
मामा कामावर नाहीत. एरवी ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज चकार शब्द नाही.

३ मे
दुपारी मामांची बायको, पारूमावशी, मागच्या दारी. आत येईना.
"वैनीसाब, आमचं काय चुकलं ते तरी सांगा की. सगळ्यांम्होरं नारळ दिला मालकांनी. तवापास्नं घरात चूल पेटली न्हाय."
मला आधी हसूच आलं. मग लाज वाटली. कामावरून काढलं की 'नारळ दिला' म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? करायला गेले गणपती अन् झाला मारुती. मावशीचा हात धरून सांगितलं, तो मानाचा नारळ हो, उद्या मामांना कामावर पाठवा. बाई रडली. मीही.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. खो खो हसले. मग भात कालवत बसले. मान वर न करता म्हणाले, "आणखी एक माणूस कमी करायचंच होतं. तोंडानं सांगायला जमत नव्हतं. आपसूक गेलाय तर जाऊ दे."
म्हणजे माझ्या 'आज'च्या जागी तो 'आता'... विचारलं नाही. धीर झाला नाही.

४ मे, शनि.
मामा आलेत. दाढी करून, धुतलेला सदरा घालून. कारखान्याच्या दाराशी उभे आहेत, आत जात नाहीत, मालकांची वाट बघतायत. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "शब्द तू दिलास, तूच सांग." आणि पेपर उघडला.
काय सांगू? आत जा म्हणू? माझ्या म्हणण्यावर त्यांना आत कोण ठेवणार? घरी जा म्हणू? ते माझ्या तोंडून निघायचं नाही.
चहा पाठवला. थोडं थांबा म्हणून निरोप दिला. व्हय, थांबतो की, म्हणाले.
हे लिहून झालं की उठायचंय. म्हणून लिहितेच आहे.