कॉलम अजून ठणठणीत आहे

३ मार्च
आजपासून रोजनिशी. संकल्प: रागवायचं नाही, चहात साखर नाही, बुरशीबाईंशी वाद नाही.

बुरशीबाई म्हणजे आमच्या शीतपेयांच्या कारखान्यात, शेजारच्या खोलीतल्या मायक्रोबायॉलॉजीच्या बाई. नाव मीच ठेवलंय, तोंडावर म्हणत नाही. त्या बशांमध्ये जंतू वाढवतात आणि वाट बघत बसतात. आमच्याकडे तसलं काही नाही. पेयाचा थेंब मशीनमध्ये सोडायचा. आतल्या कॉलममधून, म्हणजे बारीक नळीतून, एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि स्क्रीनवर टेकाड उमटतं. त्याला पीक म्हणतात. पीक मोठं तर पदार्थ जास्त. शेंबडं पोरही सांगेल. पण खरं वाचायला नजर लागते, ती माझ्याकडे आहे.

बाई म्हणाल्या, कॉलम म्हातारा झालाय, बदला आता. म्हटलं, म्हातारे तर मोठे साहेबपण झालेत, त्यांना बदलता का? कॉलम अजून ठणठणीत आहे.
चहात साखर दोन चमचे. वाद झाला म्हणून.

१० मार्च
नवं पेय सुरू. संत्र्याचं, काचेच्या बाटलीत, कमी साखरेचं. गोडीसाठी सॅकरीन. पहिल्याच नमुन्यात बेंझोएट मर्यादेच्या वर! बेंझोएटमुळेच पेय टिकतं, पण जास्त झालं की सगळा माल परत येतो. सिरप रूमच्या सुपरवायझरला बोलावून झाडला. म्हणे, मोजूनच घातलंय साहेब. सगळे असंच म्हणतात. डोस कमी करायला लावला.
रागावलो नाही. फक्त आवाज मोठा होता.

१३ मार्च
तरी वरच. अजून कमी करायला लावलं. सुपरवायझर म्हणतो, आता नावालाच घालतोय. म्हटलं, मशीन खोटं बोलतं का?
दुपारी पीक मर्यादेत आलं. मोठ्या साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. लॅब हेडची खुर्ची रिकामी आहे, मुलाखती महिनाअखेर. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, पाठीवर हात पडला म्हणजे बुडाखाली खुर्ची आली असं नसतं. माझं चांगलं झालेलं या बाईला बघवत नाही.

१७ मार्च
बुरशीबाई बशी घेऊन हजर. नव्या पेयातलं यीस्ट म्हणे, साखर आंबवून गॅस करणारं, पांढरे ठिपके. बशी टिचभर, ठिपके मावत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की माझ्या जुन्या कॉलममधून सॅकरीन आणि बेंझोएट हातात हात घालून बाहेर पडतात, दोघांचं मिळून एकच पीक दिसतं आणि मी ते सगळं बेंझोएटच्या खात्यावर टाकतो. बेंझोएट अजिबात न घातलेलं पेय एकदा चालवून बघा, म्हणाल्या.
म्हटलं, आधी बशा नीट धुवा.
पुढच्या सोमवारी चालवून बघू. त्यांचं तोंड बंद करायला.

२१ मार्च
लेक शाळेची कँटीन चालवते. क्रीडादिनाला मुलांना आमचंच पेय द्यायचं ठरवलंय तिने. फोनवर विचारत होती, बाबा, लहान मुलं आहेत, सगळं नीट आहे ना? म्हटलं, माझ्या सहीशिवाय बाटली गेटबाहेर जात नाही. ऊर भरून आला.
क्रेट तिच्या स्टोअररूममध्ये उतरवले. वर पत्र्याचं छप्पर. आत भट्टी पेटल्यासारखं होतं.

२४ मार्च
सोमवार. नमुना चालवला नाही. मशीन दमलेलं वाटलं.

२६ मार्च
गोडाऊनचा वॉचमन आला. नव्या मालातून आवाज येतो म्हणे, बंद खोलीत कुणी चुटक्या वाजवाव्यात तसा. जाऊन पाहिलं. फुटक्या बाटल्या, आंबूस वास, आणि काच पार छताच्या तुळईपर्यंत उडालेली. म्हटलं, उंदीर. त्याने टॉर्च वर तुळईवर धरला. मी आत उभा असतानाच मागच्या रांगेत आणखी एक वाजली.
बाहेर आलो. थांबण्यासारखं काही नव्हतं.
संकल्प: उद्या नमुना चालवायचाच.

२७ मार्च
मुलाखतीची तयारी.

२८ मार्च, सकाळ
लेकीचा फोन. झाकणं वर आल्यासारखी दिसतात, माल परत पाठवू का? अगदी ओठांवर आलं होतं, पाठव म्हणून. पण माल परत आला की मोठे साहेब विचारणार, आणि मुलाखत सोमवारवर. म्हटलं, गॅसचं पेय आहे, जोर असायचाच. बर्फात ठेव आणि वाटून टाक. ती म्हणाली, तुम्ही म्हणताय म्हणजे झालं.

दुपार
चालवला. बेंझोएटचा कणही न घातलेलं पेय.
पीक आलं. त्याच वेळेला, जवळपास तेवढंच.
मशीन धुतलं. परत चालवलं. परत आलं.
म्हणजे एवढे दिवस मी सॅकरीन मोजत होतो, आणि बाटल्यांत बेंझोएट जवळजवळ नाहीच. लेकीला फोन लावला. उचलला नाही.
चहात साखर चार चमचे. मशीन धुवून दमलो म्हणून.

संध्याकाळ
तिचाच फोन आला. कशाला फोन केला होता, विचारलं. म्हटलं, सहज. जेवलीस का?
मशीन दुपारी तापलेलं होतं. गरम मशीनवर विसंबून लेकीला घाबरवायचं नाही. उद्या गार असताना चालवतो, मग सांगतो.

२९ मार्च
हॉस्पिटल.
सकाळी क्रेट उचलताना बाटली तिच्या तोंडाजवळ फुटली. उजव्या डोळ्यात काच. डॉक्टर म्हणतात, दिसेल की नाही आत्ताच सांगता येणार नाही. मुलं तेव्हा मैदानावर होती.

शाळेच्या मुख्याध्यापिका भेटायला आल्या. माल खराब होता का, त्यांनी विचारलं. लेक पडल्या पडल्या म्हणाली, "माल चांगला आहे, बाई. माझ्याच हातून आपटली असेल. बाबांनी स्वतः तपासलंय."
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
"हो," मी म्हणालो, "मी स्वतः तपासलंय."
त्यांना हायसं वाटलं. मग बाकीच्या बाटल्या खेळ संपल्यावर मुलांना देऊन टाकते, म्हणाल्या, मुलं कधीची वाट बघतायत. आणि गेल्या.

त्यांना थांबवायला हवं. अजून जिन्यातच असतील. पण लेकीने माझा डावा हात घट्ट धरलाय. तिला झोप लागली की जातो.