उजवीकडचं अर्धं जू

मी, सहादेव भिमाजी गवारे, वय एक्कावन्न, धंदा पूर्वी नगरच्या कॅम्पात तंबूच्या खुंट्या कातणे व आता घरी बसून लोकांना टोचणे, राहणार शिंगणापूर, तालुका नेवासा, जिल्हा अहमदनगर, हा कागद स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला नगरच्या डॉक्टरांनी दिला आहे. ती पूर्वी कधी ठिकाणावर होती काय, याबद्दल माझ्या वहिनी आक्काबाई यांचं मत वेगळं आहे. कोणी दारू पाजून, दम देऊन वा गोड बोलून हा कागद लिहून घेतलेला नाही. गोड बोलणारं माणूस घरात उरलेलंच नाही. माझ्या पोटात गाठ आहे. पोळा झाला की ती कापायची आहे. कापणाऱ्यावर माझा विश्वास आहे, पण मीही जन्मभर लाकूड कातलं आहे. आत काय निघेल ते बाहेरून दिसत नाही.

कलम एक. राहतं घर दोन खण, मागे पडवी. गावच्या रिवाजाप्रमाणे घराला दार नाही, त्यामुळे किल्ली कोणाकडे हा तंटा होणार नाही. दोन खण माझी बहीण विमलबाई, राजूर, हिला द्यावेत. तिकडच्या पावसात तिचे सांधे धरतात. इकडे येऊन वाळावं. पडवी तिला नाही. पडवीचं पुढे सांगतो.

कलम दोन. जमीन या कागदात शोधू नये. माझ्या हिश्शाची जमीन मी थोरले बंधू रंभाजीदादा यांच्या नावे हयातीतच करून दिली आहे. या कागदाने दादाला एक काडीही मिळत नाही. हे मुद्दाम केलं आहे, आणि का केलं तेही पुढे येईल. वाचणाऱ्याने दम धरावा. मी गेलेलो असेन, मला घाई नाही.

कलम तीन. पडवी, तीतला पायाने चालवायचा लेथ, पटाश्या, गिरमिट आणि वाळत घातलेली सगळी लाकडं कानिफनाथ व मालन या दोघांच्या ताब्यात द्यावीत. दोघंही सोनईच्या कॉलेजात शिकतात. मालकी त्यांची नव्हे. रविवारी जो पोरगा वा पोरगी येईल त्याची. माझा मोटारसायकलवाल्यांसारखा डोळे झाकणारा चष्मा लेथला साखळीने बांधावा, आणि तो लावल्याशिवाय कोणी लेथवर पाय ठेवला तर मी भूत होऊन येईन. घराला दार नाही, यायला अडचण नाही.

ही पोरं लाकडाची पेनं करतात. ओंडक्याची कांडी कापायची, गिरमिटाने मधोमध भोक पाडायचं, लेथवर चढवून बोटाएवढी कातायची, आत बाजारची रिफील. पेन करून पोट भरतं का, असं प्रत्येकाचा बाप एकेकदा येऊन मला विचारून गेला. नाही भरत. पण गेली दोन वर्षं पोट कशाने भरत होतं तेही बापांनी मला सांगावं. दुष्काळी कामावर आठवडाभर खडी फोडलेले हात रविवारी इथे चिंच आणि बोर कातायचे, आणि लाकडाचा छिलका फितीसारखा सुटून येताना बघून ही मोठाली पोरं हसायची. त्या दोन वर्षांत मला गावात दुसरं हसू ऐकू आलं नाही.

कलम चार. याच रविवारच्या पोरांतल्या छगन कारभारी याला मी काहीही देत नाही. त्याच्याएवढा हात त्या लेथवर माझाही बसला नाही, तरी देत नाही.

कलम पाच. जू. आम्हा भावांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी भांडी मोजली, बांध मोजला, बैल एकेक वाटला. जू वाटता येईना, म्हणून कागदावर ‘सामाईक’ लिहिलं. दादाचा बैल डावीकडे, माझा हौशा उजवीकडे, आणि नांगर दोघांच्या रानात पाळीपाळीने. आम्ही भाऊ बोलेनासे झालो तरी बैल एका जुवात चालत होते. मागल्या उन्हाळ्यात चारा संपला, दादाने दोन्ही बैल घोडेगावच्या बाजारात नेले, आणि रिकामं जू आणून माझ्या पडवीत टांगलं. त्याच्या घरात ते त्याला बघवत नव्हतं.

छगनला त्या जुन्या बाभळीचा रंग आवडला. त्याने मला विचारलं. मी म्हणालो, उजवी बाजू माझी आहे, घे. पोराने दोरीने मध्य काढला, माझ्या बाजूचंच कापलं, डावं अर्धं पुन्हा आढ्याला टांगलं. इतकी चोख वाटणी पंचांनाही जमली नव्हती.

त्यातून एक पेन झालं. दुसरं कातताना वडिलांनी कधीकाळी चीर बुजवायला ठोकलेला खिळा पटाशीला लागला, आणि ढलपी छगनच्या उजव्या डोळ्यात गेली. डॉक्टर म्हणतात, त्या डोळ्याला उजेड कळेल, अक्षर कळणार नाही.

दादा पडवीत आला तो डोळ्याचं ऐकून नव्हे, जुवाचं ऐकून.

“जू तोडलंस? यंदा पाऊस हाय, बैल आननार हुतो मी. आन् पोळ्याला काय पुजू? तुजं पेन?”

“माझी बाजू मी दिली, दादा.”

“बाजू! आरं, अर्ध्या जुवात कोन चालतं? चोर हायेत समदी. देवाच्या गावात चोरी केली, त्यानं डोळा घेतला!”

बस. आमच्या गावात चोर हा शब्द शिवी नव्हे, निकाल आहे. दुपारपर्यंत तो शनीच्या चौथऱ्यापर्यंत पोचला. तेल विकणाऱ्या श्रीमंतने त्याला फोडणी दिली: खिळा लोखंडाचा, लोखंड शनीचं, मग सांगायला काय उरलं? छगनच्या बापाने त्याला इकडे फिरकू नको म्हणून बजावलं. तरी तो एकदा आला, डोळ्यावर पट्टी, उंबऱ्याबाहेर उभा.

“आत ये की.”

“नको, नाना. दादांना म्या इचारलं न्हवतं.”

“मला विचारलंस ना?”

“निम्म्या मालकाला इचारलं. म्हनून निम्मीच नजर गेली.”

तो विनोद करत नव्हता. मी आयुष्यभर लोकांना बोलून टोचलं, पण ते वाक्य मलाच टोचलं. गावाने चोर म्हटल्याचं मला फार दुःख नाही. पोराला ते पटलं आहे, याने मला झोप नाही.

कलम सहा. वहिनी आक्काबाई यांना शिसवीचं लाटणं द्यावं. त्यांनी मागितलं होतं, मी कुचकेपणाने दिलं नाही. श्रीमंत तेलवाले यांना माझी बोथट पटाशी. तिला धार नाही. त्यांच्या जिभेवर घासून घ्यावी.

कलम सात. पडवीच्या कोपऱ्यातला बाभळीचा सरळ ओंडका पेनासाठी कोणी कापू नये. त्याचं नवं जू करावं. बैलाच्या मानेच्या दोन्ही अंगांना जुवात ज्या खुंट्या बसतात, त्या शिवळा पोरांनी लेथवर काताव्यात. हे जू पुढे आमच्या रानात जे बैल येतील त्यांना मी देत आहे. वकील म्हणाले, बैलांच्या नावे मृत्युपत्र करता येत नाही. त्यांनी बैलांना तसं कळवावं.

कलम आठ. साक्षीदार. वकिलांनी समजावलं की कागदाने ज्याला मिळतं त्याने साक्ष घालू नये, आणि साक्षीदार असा असावा की ज्याचा शब्द चार माणसं खरा धरतील. म्हणून छगनला काही दिलं नाही, आणि म्हणूनच दादालाही नाही. पहिला साक्षीदार छगन. त्याच्या शेजारी दुसरा साक्षीदार रंभाजीदादा, एका घोंगडीवर बसून, माझ्यादेखत, त्याच जुवाच्या पेनाने. चोराच्या शेजारी कोणी साक्ष घालत नाही, हे दादाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तो आला नाही तर हा कागद फाडावा, आणि लेथ भंगारात घालावा. चोर म्हणवून घेत कोणी तिथे बसू नये.

हे सर्व मी वाचून, खोडून, पुन्हा लिहून, समजून सही केली आहे.

सहादेव भिमाजी गवारे
शिंगणापूर, रविवार, २६ ऑगस्ट १९७३

साक्षीदार:
१. छगन कारभारी (अक्षर वाकडं आहे, एका डोळ्याने लिहिलं आहे. ग्राह्य धरावं.)
२. रंभाजी भिमाजी गवारे

खुलासा, सह्या झाल्यावर लिहिलेला: दादा तिन्हीसांजेला आला. घोंगडीच्या कडेला बसला. छगनने पेन पुढे केलं, ते त्याने लगेच घेतलं नाही. मग घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि अंगठ्याने बराच वेळ चाचपत राहिला. म्हणाला, “हौशाच्या बाजूचं हाय.” सही केली. छगनला म्हणाला, “शिवळा मापात कात. मागल्या ढिल्या हुत्या.” आणि उठून गेला.

या ओळी पेन्सिलीने लिहिल्या आहेत. पेन दादाच्या खिशात गेलं. कोणी मागायला जाऊ नये. आमच्या गावात चोरी होत नाही.