भोंगा मध्येच थांबला

घमापूर, जबलपूर
२१ डिसेंबर १९७१

ती. सौ. नंदाताईंना विनताचा नमस्कार.

लढाई संपली आणि आम्ही तिघी सुखरूप आहोत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. फॅक्टरीत ओव्हरटाइम इतका होता की डबासुद्धा उभ्यानं खाल्ला. बेबी सहामाहीत दुसरी आली, म्हणून रुसली. प्रतिमाचा पुढचा दात पडला. थंडी मरणाची आहे.

ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावले होते. तरी पहिल्याच संध्याकाळी बाहेरून कोणी ओरडलं, "बत्ती बुझाओ! रोशनी आ रही है!" मी पोळ्या करून राहिली होती. मराठीतच पुटपुटले, "मेल्याचे डोळे काहून फुटत नाहीत?" तर दाराबाहेरून उत्तर आलं, "फुटले नाहीत बाई, म्हणूनच उजेड दिसला."

हे आमच्या गल्लीचे वॉर्डन, श्रीपाद चांदोरकर. एरवी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात असतात. डोक्यावर लोखंडी टोपी. मान हलवली की नाकावर येते. कागद त्यांनीच नीट चिकटवून दिला. दुसऱ्या दिवशी तो निघाला की काय ते पाहायला आले. मग रोजच. ताई, गल्लीत एवढी घरं, पण शत्रूचं विमान जणू आमचीच खिडकी शोधत येणार होतं!

धाकट्या भावांची लग्नं करता करता यांचं राहून गेलं. हे मला घरमालकीण पुष्पाबाईंनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणजे एकदाच विचारलं होतं.

आता खंदकाचं सांगते, कारण दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तिखटमीठ लागून कळेल.

एका संध्याकाळी हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. मागच्या अंगणातल्या खंदकात आम्ही तिघी, पुष्पाबाई, शेजारची मंडळी आणि वॉर्डन असे कोंबून बसलो. भोंगा कानठळ्या बसवत होता. चांदोरकर माझ्या कानाशी येऊन काही बोलले. मला ऐकू येईना. "काय?" मी ओरडले. ते जोरात बोलले. "काय म्हणता?" तेव्हा त्यांनी सगळा जीव एकवटून आवाज काढला आणि नेमका भोंगा थांबला.

"माझ्याशी लग्न कराल का?"

अख्ख्या खंदकानं ऐकलं. पुष्पाबाई म्हणाल्या, "अरे बहू, हाँ बोल दे, भैया कब से चिल्ला रहे हैं." आणि प्रतिमा म्हणाली, "आई, लवकर सांग ना, माझे पाय दुखून राहिले."

पण बेबी समोर बसली होती. अंधारातही मला तिचं तोंड दिसलं.

घरी आल्यावर बेबीनं माझ्याशी बोलणं बंद केलं. ताटावर बसली की, "प्रतिमा, तिला सांग, मीठ दे." म्हणून मी चांदोरकरांना सांगितलं, आता येऊ नका. ते टोपी सावरत "बरं" म्हणाले आणि गेले.

लढाई संपली, गल्लीत फटाके फुटले, पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं, देशप्रेम. बेबीला तसं वाटलं नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली.

"तू त्यांच्याशी बोलताना हसते ना, तशी बाबा असताना हसत होती. मला ते आवडत नाही."

"मग नको हसू?"

बराच वेळ ती फ्रॉकचं बटण पिरगाळत राहिली. "हस. पण बाबांना विसरू नको."

"वेडी आहेस का गं," मी म्हटलं, आणि दोघी रडलो. प्रतिमा काहून रडता, काहून रडता विचारत तीही रडली.

दुसऱ्या दिवशी ही पोरगी बहिणीचा हात धरून थेट पार्सल ऑफिसात गेली. तिथे म्हणाली, "कागद तुम्ही लावला, काढणार कोण?"

ते आले. टोपीशिवाय पहिल्यांदाच पाहिलं. टोपीखाली फारसं काही नाही, ताई. कागद काढता काढता त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी इतकं हळू की प्रतिमा म्हणाली, "जोरात बोला, भोंगा बंद आहे तरी ऐकू येत नाही."

मी हो म्हटलं.

लिहिलं एकदाचं. इतकी पानं याच ओळीशी येऊन मागे फिरत होते. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, पोरींना नागपूरला पाठव, एकटी कुठे कुठे पुरशील. तुमची माया मला समजते. पण पोरी माझ्याजवळच राहतील. आणि संक्रांत झाली की आम्ही लग्न करणार आहोत. मी परवानगी मागत नाही. मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात तर मला तुमचं ऐकता येणार नाही, म्हणून मागत नाही. बोलावते आहे.

बेबी म्हणते, लग्नात ती आत्याजवळच बसेल. तिला बाबांच्या बाजूचं कोणीतरी हवं. मलाही हवं आहे. रागावून आलात तरी चालेल, पण या.

तुमची भावजय (हे नातं मी माझ्या हातानं खोडणार नाही),
विनता