नाबाद उणे अकरा धावांच्या नोंदीबाबत

पोल्हेनगम,
दिनांक : १३ फेब्रुवारी

प्रति,
मा. सचिव,
फलंदाज शोध उपसमिती, पश्चिम किनारा विभाग,
क्रीडा कार्यालय, कलुतर.

विषय : उमेदवार क्र. ३४, श्री. सिसिर वीरक्कोडी यांची धावसंख्या शून्याच्या वर आणण्याबाबत, आणि त्यांना दि. २० च्या अंतिम चाचणीस बोलावण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे गुणपत्रक, दि. २ फेब्रुवारी.
२) माझे दि. ५ व दि. ८ चे अर्ज. (उत्तर अप्राप्त)

महोदय,

मी, हसंती कुलसूरिय, वय २४, भौतिकशास्त्राची पदवीधर आणि पोल्हेनगम क्रिकेट क्लबची धावलेखिका, आपणांस तिसऱ्यांदा अर्ज करीत आहे. पहिल्या दोन अर्जांत मी नुसती विनंती केली होती. पुरावे जोडले नव्हते, ही माझी चूक. या वेळी पुरावे अर्जापेक्षा जड आहेत.

१. आपल्या राष्ट्रीय संघातील तीन ज्येष्ठ फलंदाज एकाच वर्षात निवृत्त झाले. तेव्हापासून देशाच्या फलंदाजीची काय अवस्था आहे, हे मी आपणांस सांगणे म्हणजे रोग्याने डॉक्टरांना वैद्यक शिकवणे होय. आमच्या गावातील चहावाला हल्ली सामना सुरू झाला की आधण ठेवत नाही. पाण्याला उकळी येईपर्यंत चार गडी गेलेले असतात आणि त्यांच्या मागोमाग गिऱ्हाईकही. अशा वेळी आपल्या उपसमितीने 'मोठ्या शाळांबाहेरचे, गावोगावचे फलंदाज हवेत' अशी जाहिरात दिली. ती वाचून आमच्या क्लबचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर श्री. मर्विन अमरतुंग, यांनी सिसिरचा अर्ज स्वतः सायकलवरून कलुतरला आणून दिला. पोस्टावर त्यांचा विश्वास नाही.

२. श्री. सिसिर वीरक्कोडी, वय २३, माडी काढतात. त्यांच्याकडे अठ्ठेचाळीस माड आहेत. प्रत्येक माडावर चढून उतरत बसले तर दिवस पुरणार नाही, म्हणून आमच्याकडे माडांच्या शेंड्यांना काथ्याचे दोर बांधलेले असतात, एक पायाखाली आणि एक हाताला. माणूस सकाळी एकदा वर गेला की दोरावरून चालत या माडावरून त्या माडावर जातो, पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, कापतो, पाझरलेल्या रसाचे मडके रिकामे करतो आणि शेवटच्या माडावरून खाली येतो. संध्याकाळी पुन्हा तेच. सिसिर वयाच्या चौदाव्या वर्षापासून हे करीत आहेत. जमिनीपासून उंची सरासरी चौदा मीटर. आजवर पडण्याची संख्या शून्य.

३. आता दि. २ च्या चाचणीविषयी. सिसिरने सदुसष्ट चेंडू खेळले. नऊ चौकार आणि एक षटकार मारला, म्हणजे बेचाळीस धावा. शिवाय बारा वेळा ते धावले, आणि तिथेच सगळे घडले. इतर फलंदाज खेळपट्टीच्या कडेने धावतात. सिसिर मधल्या यष्टीपासून मधल्या यष्टीपर्यंत, एका पावलापुढे दुसरे पाऊल टाकत, दोरावर चालावे तसे सरळ धावतात. खेळपट्टीच्या मधल्या दोन फुटी पट्ट्यात पाय ठेवणे नियमात बसत नाही, हे मला मान्य आहे. पहिल्या वेळी पंचांनी ताकीद दिली, त्या दोन धावा धरल्या गेल्या. पुढील अकरा वेळी धावा रद्द झाल्या आणि दर वेळी पाच धावांचा दंड पडला.

पंच मनाने वाईट नव्हते. सातव्या वेळी त्यांनी सिसिरच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "अरे बाबा, कडेनं पळ ना. एवढी मोकळी जागा आहे." सिसिर म्हणाले, "सर, तिथं पाय टाकला की पडेन असं वाटतं." पंचांनी खाली सपाट जमिनीकडे पाहिले, मग सिसिरकडे पाहिले, आणि पाच धावांच्या दंडाची खूण केली.

४. नियमाप्रमाणे दंडाच्या धावा समोरच्या संघाला मिळतात. फलंदाजाच्या खात्यातून त्या वजा होत नाहीत. परंतु चाचणीत संघ नव्हतेच, सगळेच उमेदवार होते, म्हणून आपल्या धावलेखकांनी त्या पंचावन्न धावा सिसिरच्या चव्वेचाळीसमधून वजा केल्या आणि गुणपत्रकावर सुवाच्य अक्षरात लिहिले : 'उणे ११, नाबाद.'

महोदय, माझ्या विषयात उणे संख्या रोज भेटतात आणि माझे त्यांच्याशी वैर नाही. पण सदुसष्ट चेंडू खेळून, एकदाही बाद न होता, एखादा मनुष्य मैदानात उतरण्यापूर्वीपेक्षा अकरा धावांनी गरीब होऊन परततो, हे मला कोणत्याही नियमाने सिद्ध करता आले नाही. आपल्या यादीत पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झालेले गृहस्थ तेहतिसावे आहेत आणि सिसिर चौतिसावे. याचा अर्थ, ते घरी झोपून राहिले असते तर एक क्रमांक वर आले असते. खरी नोंद 'चव्वेचाळीस, नाबाद' अशी हवी. ती केल्यास त्यांचा क्रमांक तिसरा येतो.

५. चव्वेचाळीस धावा कोणीही करील, असे आपण म्हणाल. म्हणून मी मोजमाप केले. मैदानाच्या कडेच्या फणसाला फोन बांधून आमच्या क्लबच्या नऊ फलंदाजांचे चित्रीकरण केले. चेंडू टप्पा पडून बॅटपर्यंत येईतो फलंदाजाचे डोके किती हलते, ते तपासले. आठ जणांची सरासरी नऊ सेंटिमीटर आली. सिसिरची एक पूर्णांक दोन दशांश. निवृत्त झालेल्या तिन्ही ज्येष्ठांच्या जुन्या चित्रफिती मी त्याच रीतीने पाहिल्या. ते तिघेही दोनच्या आत होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुणांचे आकडे मी येथे लिहीत नाही, कारण हा अर्ज कोणाच्याही आईच्या हाती पडू शकतो. डोके कलले की फलंदाज कलतो, आणि फलंदाज कलला की देश. सिसिर कलत नाहीत. चौदा मीटरवर कललेला माणूस पुढच्या सामन्याला नसतो.

६. पळण्याचा दोष घालवण्यासाठी क्लबने केलेले प्रयत्न असे. प्रथम चुन्याची रेघ कडेला मारली. तीन चेंडू ठीक गेले, चौथ्याला सिसिर मध्यावर. नंतर मध्यभागी केतकीची काटेरी पाने पसरली. ते पानांवरून उड्या मारत गेले, पण मधूनच. त्यानंतर श्री. अमरतुंग, वय एकाहत्तर, सिसिरचा सदरा धरून कडेने सोबत धावले. परिणामी दोघेही मध्यावर.

अखेर मी काथ्याचा खरा दोर खेळपट्टीबाहेर, मधल्या रेषेपासून साडेपाच फुटांवर, गवतात टाकला. महोदय, सिसिर त्या दोरावरून एकशेचाळीस वेळा धावले आणि एकशेचाळीस वेळा बिनचूक. त्या दिवशी श्री. अमरतुंग यांनी घरून शुभप्रसंगीचा दूधभात आणवून सर्वांना वाटला.

७. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाशी सामना होता. दोर पाहून त्यांच्या कर्णधाराने शांतपणे विचारले, "तुमच्याकडे सीमारेषेला काय वापरता?" आम्ही म्हटले, दोर. ते म्हणाले, "मग हा काय आहे?" त्यांची फलंदाजी आधी होती. खेळपट्टीपासून वीतभर अंतरावरील दोराला चेंडू लागला की त्यांनी चौकार मागायला सुरुवात केली, आणि आमच्याच पंचांना तो नाकारण्यासाठी नियम सापडेना. बारा षटकांत त्यांच्या दोनशे बारा झाल्या. त्यांच्या अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूने आयुष्यातील पहिले शतक केले आणि तो रडला. सदर धावफलक मी जोडलेला नाही. मागितल्यास देईन, पण मागू नये ही विनंती.

८. सबब दोर जमिनीखाली एक इंच पुरला. सिसिर साठपैकी साठ वेळा त्याच्या वरून धावले. दोर दिसत नव्हता, बुटातून जाणवतही नसावा. तेव्हा मला शंका आली, आणि शंका आली की तपासायची अशी आम्हांला शिकवण आहे. मी पहाटे दोर उपसून घरी नेला, माती पूर्ववत केली आणि सिसिरला सांगितले की दोर जागेवर आहे. ते पुन्हा साठपैकी साठ वेळा कडेनेच धावले.

मी त्या दिवशी आनंदाने मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, हे मी येथे नमूद करते, कारण लोकांनी पाहिले आहे. दोर लागतच नव्हता! पंचांनी फक्त गंभीर चेहऱ्याने 'दोर पुरला आहे' एवढे सांगितले असते, तर राष्ट्रीय फलंदाजीचा प्रश्न तीन शब्दांत सुटला असता. दि. ८ च्या अर्जात मी तेवढीच विनंती केली होती आणि ही बाब उमेदवारास कळवू नये असे लिहिले होते.

९. ती त्यांना श्री. अमरतुंग यांनी कळवली. त्यांचा हेतू शुभ होता. ते म्हणाले, "पोरा, तुला दोराची गरजच नाही, हसंतीनं सिद्ध केलंय." त्याच दुपारी सिसिर पुन्हा मधून धावू लागले. संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "अक्का, वर असताना कुणी मला खोटं सांगितलं की दोर आहे, तर मी मरेन. तू खाली सांगितलंस म्हणून फक्त पाय चुकला. पण खोटं ते खोटंच." मी माफी मागितली, ती त्यांनी दिली, परंतु विश्वास दिलेला नाही. आता दोर खरोखर पुरला तरी ते आपल्या कोयत्याने माती उकरून, दोर डोळ्यांनी पाहून, मगच धावतात.

म्हणून पूर्वीची विनंती रद्द समजून ही नवी विनंती समजावी. चाचणीच्या मैदानावर खरा दोर पुरण्यास व सिसिरला फलंदाजीपूर्वी तो उकरून पाहण्यास परवानगी मिळावी. कोयता नंतर पंचांकडे जमा करण्यात येईल.

१०. एक अडचण उरते. पोय रोज दोन्ही वेळा कापावी लागते. एक दिवस चुकला तर कापलेले तोंड सुकते आणि माडाला पुढची पोय येईपर्यंत काही मिळत नाही. दि. २ रोजी सिसिरच्या जागी त्यांचे वडील, श्री. पियदास, वर गेले होते. उतरताना त्यांचा गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी त्यांना माडाकडे बघण्यासही मनाई केली आहे. दुसऱ्या गावचे माडीवाले आपापल्या दोरांवर असतात. सिसिरने मला स्पष्ट सांगितले आहे की अठ्ठेचाळीस माड सुकवून ते देशासाठी खेळणार नाहीत, कारण देशाकडे आणखी तेहतीस जण आहेत आणि माडांकडे ते एकटे.

हे मला पटले. म्हणून गेले पाच दिवस मी चढायला शिकत आहे. सिसिर स्वतः शिकवतात. पहिल्या दिवशी मी एका माडावर गेले आणि तिथेच पाऊण तास राहिले. चौथ्या दिवशी तीन दोर ओलांडले. काल एकोणीस. सिसिरच्या आईने खालून कमरेवर हात ठेवून विचारले, "शिकलेली पोरगी माडावर, माडीवाला मैदानात. मग कालवण कोण करणार, पोस्टमास्तर?" श्री. अमरतुंग यांनी ते काम स्वीकारले आहे. या वेगाने मी दि. १९ पर्यंत सर्व अठ्ठेचाळीस माड पूर्ण करीन असा माझा हिशेब आहे. त्यात चुकीची शक्यता सहा टक्के धरली आहे.

वर गेल्यापासून मला एक गोष्ट समजली, जी फणसाला बांधलेल्या फोनला दिसली नव्हती. सिसिर डोके स्थिर ठेवत नाहीत. ते फक्त पुढच्या माडाकडे बघतात, आणि डोके आपोआप तिथे राहते. मी हे मोजू शकले नाही, कारण त्या वेळी माझे दोन्ही हात गुंतलेले होते. पण आपल्या संघातील तरुणांना सांगण्याजोगे काही असेल तर ते एवढेच, असे मला वाटते. सिसिर ते कोणालाही फुकट शिकवतील. त्यासाठी त्यांना आधी संघाच्या आसपास कुठेतरी यावे लागेल.

तरी नोंद दुरुस्त करून, दि. २० च्या यादीत श्री. सिसिर वीरक्कोडी यांचे नाव घालावे, अशी कळकळीची विनंती आहे. यादी दि. १६ रोजी बंद होते, हे मला ठाऊक आहे, म्हणून हा अर्ज सायकलने येत आहे.

आपल्या निर्णयावर डोळे लावून,

हसंती कुलसूरिय
धावलेखिका, पोल्हेनगम क्रिकेट क्लब

सोबत :
१) दि. २ च्या गुणपत्रकाची प्रत, चुकीची वजाबाकी तांबड्या शाईत.
२) डोक्याच्या हालचालींचा तक्ता, नऊ फलंदाज.
३) पंचांचे लेखी निवेदन : 'मुलगा सरळ आहे.'
४) काथ्याचा दोर, साडेबावीस मीटर. (काम झाल्यावर परत मिळावा.)

ता. क. : उत्तर दूरध्वनीने देऊ नये. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा मी वर असते आणि दोराला दोन्ही हात लागतात. आपला माणूस आल्यास त्याने खालून ओरडून सांगावे. होकार असेल तर लगेच ओरडावे. नकार असेल, तर कृपया मी जमिनीवर येईपर्यंत थांबावे.