अण्णांच्या गाडीवरचा डाळिंबी डाग

तीर्थस्वरूप दादांना,

धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात डाळिंबी झालेत, पण तब्येत ठणठणीत आहे.) वहिनींची कंबर कशी आहे? तुम्ही वेळेवर जेवता ना? इकडे सगळं क्षेम. अण्णांची गाडीही आहे. म्हणजे, आहे तिथेच आहे.

रविवारी तुमचं गिऱ्हाईक ती बघायला येणार, म्हणून आम्ही तिला फुलासारखी जपत होतो. तुमचे वडील जाऊन वर्ष झालं, तरी त्यांचा दंडक या घरात अजून चालतो: माणूस उन्हात उभा राहिला तरी चालेल, गाडी उघडी राहता कामा नये. तिचं कव्हर फाटलेलं. तेव्हा तुमच्या बहिणीने हौसेने घरीच रंगवलेला डाळिंबी पडदा तिच्यावर घातला, तोही ओला. (गाडी झाकली जाईल आणि पडदाही वाळेल, असा तिचा काटकसरी विचार.) संध्याकाळी उचलून बघतो तर पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर पडदा चुण्यांसकट उमटलेला!

मी औषधांच्या दुकानात केस पांढरे केलेला माणूस. म्हटलं, डाग तो काय, चुटकीसरशी काढतो. साबण लावला, डाग ढिम्म. वरच्या मजल्यावरच्या काकू (जन्मात गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेल्या नाहीत) म्हणाल्या, दात घासायची पेस्ट लावा. लावली. गाडीच्या तोंडाचा वास तेवढा गेला. गॅरेजवाला म्हणाला, खरवडून नवा रंग मारू. त्यावर तुमची बहीण कडाडली, "अण्णांचा हात फिरलाय त्या रंगावर, खबरदार!" गॅरेजवाला आल्या पावली परत गेला.

शेवटी दुकानातलं स्पिरिट आणलं. मऊ फडक्याला लावायचं, डागावर नुसतं टेकवायचं, घासायचं नाही, आणि फडकं सारखं बदलायचं. रंग फडक्यात उतरतो (आणि बोटांत). मग पॉलिश. रोज दुकानातून आलो की मी बॉनेटपुढे उभा, आणि ही पायरीवर बसून बघतेय. एरवी घर डोक्यावर घेणारी बाई, पण तोंडातून चकार शब्द नाही. मला वाटलं, चुकलं म्हणून ओशाळली असेल.

तर दादा, काल डाग गेला. पार गेला. बॉनेटमध्ये तोंड दिसतं. माझंच असल्यामुळे त्यात बघण्यासारखं काही नाही. गिऱ्हाइकाला बिनघोर पाठवा.

आपला मेहुणा

ता. क. गिऱ्हाइकाला पाठवू नका. आज सकाळी तुमच्या बहिणीने पडदा पुन्हा रंगवला आणि ओलाच गाडीवर घालायला घेतला. मी म्हटलं, "अगं, वेड लागलंय का?" तर म्हणाली, "डाग असला की कोणी नेणार नाही." आणि रडायलाच लागली हो. दादा, गाडी विकू नका. ती स्वतः तुम्हाला कधी सांगणार नाही.

आणखी एक ता. क. तिला रागावू नका. पडदा केवढा मोठा, एकटीला कसा पसरता येणार? दुसरं टोक मी धरलं होतं.